कोल्हापूरहून कार्दामिलीला: ग्रीसच्या समुद्रकाठच्या एका लहान गावी कसे जावे, कसे राहावे

ग्रीसची सहल म्हटली की कोल्हापुरातील बहुतेक लोकांसमोर अथेन्स, मिकोनोस आणि सांतोरिनी हीच तीन नावे येतात, आणि आठ दिवसांत ही तिन्ही ठिकाणे उरकून परत यायचे असा बेत ठरतो. ज्यांना ते हवे असेल त्यांनी ते अवश्य करावे. मात्र समुद्रकाठच्या एखाद्या लहान गावात पाच-सहा दिवस एकाच ठिकाणी मुक्काम करायचा असेल, तर त्याची तयारी वेगळी असते. बेटांच्या सहलीत कंपनीचा माणूस सोबत असतो. गावात आपले आपल्यालाच पाहावे लागते, आणि म्हणून निघण्यापूर्वीच्या कामांना येथे जास्त महत्त्व आहे. हा लेख कार्दामिली या एका गावाला धरून लिहिला आहे, तरी यातील बहुतेक सूचना ग्रीसच्या किनाऱ्यावरील इतर लहान गावांनाही लागू पडतील.

कार्दामिली हे पेलोपोनीझ या द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात, मानी नावाच्या प्रदेशात आहे. पेलोपोनीझच्या दक्षिणेला जमिनीचे तीन लांब सुळके समुद्रात घुसलेले नकाशावर दिसतात. त्यांपैकी मधला सुळका म्हणजे मानी. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेसिनियाच्या आखाताकडे तोंड करून हे काहीशे वस्तीचे गाव बसले आहे. पाठीशी तायगेतोस पर्वत असून त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे २,४०० मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच असलेल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, हे ध्यानात घेतले की या पर्वताचा आवाका कळतो. पर्वत पूर्वेला असल्यामुळे गावात सकाळचे ऊन उशिरा येते आणि सूर्यास्त थेट समुद्रावर दिसतो. बेटाऐवजी हे गाव निवडण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. येथे पोहोचायला बोट लागत नाही, त्यामुळे एजियन समुद्रात उन्हाळ्यात वाहणाऱ्या जोरदार उत्तरी वाऱ्यांमुळे बोट रद्द होऊन परतीचे विमान चुकण्याची धास्ती राहत नाही.

कधी जावे

मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचा काळ, आणि त्यानंतर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, हे दोन हंगाम सर्वांत चांगले. मुलांच्या शाळांमुळे बहुतेक कुटुंबांना मे महिनाच सोयीचा असतो; तेव्हा डोंगर हिरवे असतात आणि चालायला हवा उत्तम असते, पण पाणी अजून गार असते हे आधीच समजून घ्यावे. पोहणे हाच मुख्य हेतू असेल तर सप्टेंबर निवडावा, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा सर्वांत सुखद असतो. गणेशोत्सव संपवून निघणाऱ्यांनाही तो सोयीचा पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते, आणि १५ ऑगस्ट हा तेथे मेरीमातेचा मोठा सण असल्याने त्याच्या मागेपुढे अवघे ग्रीस गावी आणि समुद्रावर जाते. त्या आठवड्यात खोली मिळणे कठीण आणि मिळाली तरी महाग. नोव्हेंबर ते मार्च या काळात अनेक खानावळी आणि राहण्याची ठिकाणे बंद असतात.

ईस्टरचा सण पाहण्याची इच्छा असेल तर तारीख नीट पाहावी, कारण ग्रीसमधील ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या दिनदर्शिकेत छापलेल्या ईस्टरच्या दिवशी येतोच असे नाही. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आणि २०२८ मध्ये १६ एप्रिल रोजी आहे.

व्हिसा: येथे घाई करू नये

ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत होतो. मात्र अधिक चौकशी लागल्यास तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून किमान दोन-अडीच महिने हाताशी ठेवावेत. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांखालील मुलांचे ४५ युरो आहे. ६ वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते आणि व्हिसा नाकारला गेला तरी पैसे परत मिळत नाहीत. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः केंद्रावर जावे लागते, त्यामुळे कोल्हापूरकरांना या कामासाठी एक प्रवास वेगळा करावा लागतो. केंद्र कोठे आहे आणि वेळ कशी घ्यायची, हे ग्रीक दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहावे. ओळखीच्या माणसाने पाठवलेल्या जुन्या माहितीवर विसंबू नये. मागील ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी ठसे दिलेले असतील तर ते पुन्हा वापरता येतात.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि दोन कोरी पाने असलेला असावा. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी असावे लागते. बँकेचे तपशील, आयकर विवरणपत्रे, नोकरदारांना रजेचे पत्र आणि व्यावसायिकांना नोंदणीची कागदपत्रे लागतात, हे सर्वांना ठाऊक असते. आपल्या भागात अडचण येते ती शेतीचे उत्पन्न असणाऱ्यांची. शेती उत्पन्नावर कर नसल्यामुळे विवरणपत्रात आकडा लहान दिसतो आणि खात्यावर मात्र उसाच्या बिलाची मोठी रक्कम एकदम जमा झालेली असते. तेथील अधिकाऱ्याला हे कोडे वाटणे स्वाभाविक आहे. सातबारा उतारा, साखर कारखान्याकडून जमा झालेल्या रकमांच्या नोंदी, या कागदांचे इंग्रजी भाषांतर आणि उत्पन्नाचे स्वरूप सांगणारे अर्ध्या पानाचे पत्र सोबत जोडल्यास शंकेला जागा राहत नाही. अर्जाच्या तोंडावर नातेवाइकांकडून पैसे घेऊन खाते फुगवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये.

लहान गावात राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा लागतो आणि घरगुती खोल्यांचे मालक कधीकधी तोंडी होकारावरच काम भागवतात. सर्व प्रवाशांची नावे, पूर्ण पत्ता आणि तारखा असलेली लेखी निश्चिती मागून घ्यावी, आणि विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण करावे. व्हिसा हातात पडेपर्यंत विमानाचे परत न होणारे तिकीट काढू नये.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून पहिल्या प्रवेशाच्या वेळी चेहऱ्याचे छायाचित्र आणि लागू असेल तेथे बोटांचे ठसे घेतले जातात. त्यामुळे अथेन्सच्या विमानतळावर रांगेत वेळ जाईल असे धरूनच पुढच्या बसचा विचार करावा.

गावापर्यंतचा रस्ता

कोल्हापूर ते मुंबई हे अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस, रात्रीची शयनयान बस किंवा उजळाईवाडीहून विमान, यांपैकी काहीही निवडले तरी मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशी पोहोचणे शहाणपणाचे आहे. पावसाळ्यात तर यावर चर्चाच नको. मुंबईहून अथेन्सला थेट विमान सोयीच्या दिवशी मिळाले तर उत्तम, नाहीतर दुबई, दोहा, अबुधाबी किंवा इस्तंबूल येथे विमान बदलून जाता येते. उन्हाळ्यात ग्रीसचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन तास मागे असते.

अथेन्सच्या विमानतळाबाहेरून एक्स-९३ क्रमांकाची बस किफिसोस या बसस्थानकावर जाते. तेथून कालामाता या शहराकडे बस सुटतात. या बससेवेला ग्रीसमध्ये ‘क्तेल’ म्हणतात आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या सहकारी संस्थांसारख्या मंडळ्या ती चालवतात, आपल्या एस.टी.ची सवय असलेल्या माणसाला त्यात काही अवघड वाटणार नाही. कालामातापर्यंत साधारण तीन ते साडेतीन तास लागतात. वाटेत बस कोरिंथच्या कालव्यावरून जाते. १८९३ मध्ये खुला झालेला हा कालवा सहा किलोमीटरांहून थोडा अधिक लांब असून उभ्या खडकात कापलेला आहे. पूल क्षणात मागे पडतो, म्हणून खिडकीची जागा घेतलेली बरी.

कालामाताहून कार्दामिली सुमारे ३५ किलोमीटर आहे, पण घाटाचा रस्ता असल्याने तासभर सहज लागतो. या मार्गावर दिवसाला मोजक्याच बस असतात आणि शनिवार-रविवारी त्या आणखी कमी होतात. विमान दुपारनंतर अथेन्सला उतरत असेल तर त्याच दिवशी गाव गाठण्याचा अट्टाहास करू नये. ती रात्र अथेन्समध्ये किंवा कालामाता येथे काढावी. चार जण असतील तर कालामाताहून टॅक्सी करणेही परवडते, फक्त भाडे आधी विचारून घ्यावे.

स्वतः गाडी चालवायची असेल तर आपल्या वाहन परवान्यासोबत आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा लागतो, आणि तो एक वर्षापर्यंत चालतो. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते. आंबा घाट किंवा गगनबावड्याचा करूळ घाट उतरणाऱ्या चालकाला तेथील वळणांचे भय वाटणार नाही, मात्र उजव्या बाजूची सवय नसताना लांबच्या विमान प्रवासानंतर लगेच गाडी हाती घेणे धोक्याचे आहे. शिवाय कार्दामिलीच्या मुख्य रस्त्यावर गाडी लावायला जागा अपुरी पडते. माझ्या मते गावातच राहायचे असेल तर गाडीची गरज नाही. एखाद्या दिवसापुरती घ्यावी.

खोली, पैसे आणि वीज

गावात मोठी हॉटेले नाहीत. घरमालकांनी चालवलेल्या खोल्या आणि लहान स्टुडिओ, म्हणजे स्वयंपाकाच्या सोयीसह एका खोलीची घरे, हेच येथील मुख्य निवास आहेत. ज्यात दोन शेगड्या, फ्रीज आणि थोडी भांडी असलेला स्वयंपाकाचा कट्टा आहे, अशी खोली निवडावी. पाच-सहा दिवसांच्या मुक्कामात आपल्या माणसांना त्याचे मोल तिसऱ्या दिवशीच कळते. मुख्य रस्त्यावरच्या खोलीपेक्षा समुद्राकडील किंवा वरच्या बाजूची खोली शांत असते. निवासावरील सरकारी आकार खोलीच्या भाड्याखेरीज द्यावा लागतो. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तो एक-दोन तारांकित हॉटेलला प्रतिखोली प्रतिरात्र २ युरो, तीन तारांकितला ५ युरो आणि अल्पमुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिकांना ८ युरो असा आहे. मालकाने तो वेगळा मागितला तर फसवणूक समजू नये.

कार्ड सर्वत्र चालते, तरीही थोडे रोख युरो जवळ असावेत. ते कालामाता येथे बँकेच्या एटीएममधून काढावेत. येथील यूपीआयची सवय तेथे उपयोगी पडेल असे समजू नये. आपले गोल पिनांचे दोन दांड्यांचे चार्जर बहुधा तसेच बसतात, तीन दांड्यांच्या प्लगला मात्र जोडणी लागते. स्नानगृहाबाबत एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. ग्रीसमधील मलवाहिन्या अरुंद असल्याने वापरलेला कागद शौचकूपात न टाकता शेजारच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा असतो, आणि पाण्याचा फवारा बहुतेक ठिकाणी नसतो. सामानात एक लहान प्लास्टिकचा तांब्या ठेवावा.

समुद्रात उतरताना

तारकर्ली किंवा वेंगुर्ल्याचा समुद्र पाहिलेल्यांनी येथे काही समजुती बाजूला ठेवाव्यात. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, त्यामुळे पाणी दिवसभर एकाच रेषेवर राहते आणि भरतीची वेळ विचारण्याचे कारण उरत नाही. पाणी इतके नितळ असते की खोली हमखास कमी वाटते. गावालगतचा रित्सा हा किनारा वाळूचा नसून गुळगुळीत गोट्यांचा आहे, आणि अशा किनाऱ्यावर पाणी काही पावलांतच खोल होते. पोहता न येणाऱ्यांनी कमरेएवढ्या पाण्यातच थांबावे, मुलांना बाहीचे फुगे किंवा जॅकेट घालावे, आणि जीवरक्षक असेलच असे गृहीत धरू नये. पंचगंगेत किंवा विहिरीत पोहायला शिकलेल्यांना खारे पाणी अधिक तोलून धरते, म्हणून पोहणे सोपे वाटते. त्याच भरात माणूस किनाऱ्यापासून लांब जातो. किनाऱ्याला समांतर पोहण्याची सवय ठेवावी.

पायांत रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच. गोटे तापलेले असतात आणि खडकांच्या कपारीत सागरी अर्चिन हे काळ्या काट्यांचे प्राणी असतात. काटा पायात मोडला तर आठवडा वाया जातो. कोल्हापुरी चपला संध्याकाळी गावात फिरायला घालाव्यात, समुद्रावर नेऊ नयेत, खाऱ्या पाण्याने चामडे कडक होते.

ज्यांना वाळूच हवी त्यांनी दक्षिणेकडे सात-आठ किलोमीटरवरील स्तूपा या गावी जावे. तेथील कालोग्रिया हा किनारा वाळूचा आणि उथळ असल्याने लहान मुलांसाठी चांगला आहे. त्याच परिसरात समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे गार झरे फुटतात, त्यामुळे पोहताना एकाएकी थंड पट्टा लागतो. घाबरून जाण्याचे कारण नाही. वाटेत, दोन टेकड्यांच्या कुशीत फोनेआस नावाचा लहानसा किनारा आहे. तो सुंदर आहे, आणि तो सुंदर असल्याचे सर्वांना कळलेले असल्यामुळे सकाळी दहाच्या आतच तेथे जावे.

ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक असतो. भाड्याच्या खुर्च्या-छत्र्यांनी तो व्यापला जाऊ नये यासाठी २०२४ च्या कायद्याने किनाऱ्याचा किमान निम्मा भाग, आणि संरक्षित क्षेत्रात ७० टक्के भाग, मोकळा ठेवणे बंधनकारक केले आहे. खुर्ची भाड्याने घेतलीच पाहिजे असे कोणी म्हणत असेल, तर शांतपणे आपली चटई मोकळ्या जागी अंथरावी. पोहण्याच्या पोशाखाबद्दल संकोच बाळगू नये. पूर्ण कपड्यांत पाण्यात उतरलेल्या बाईकडे तेथे कोणी वळून पाहत नाही. फक्त सुती साडी किंवा जीन्स पाण्यात जड होते, म्हणून लवकर वाळणारे अंगासरसे कपडे घ्यावेत.

जेवण

तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला ग्रीक जेवण पहिल्या दिवशी अळणी वाटेल, हे मान्यच करायला हवे. मिरची जवळजवळ नाही. चव आहे ती ऑलिव्ह तेल, लिंबू, ओरेगानो आणि भाजीच्या मूळ गोडीची. आणखी एक धक्का असतो तो तापमानाचा: भाज्या सकाळी शिजवून ठेवतात आणि कोमटच वाढतात. कडकडीत गरम हवे असल्यास ग्रीलवरचे पदार्थ मागवावेत.

शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही. ‘लादेरा’ म्हणजे तेलात आणि टोमॅटोत शिजवलेल्या भाज्यांचा एक वर्गच तेथे आहे. त्यात फासोलाक्या ही शेंगांची भाजी, ब्रियाम ही बटाटा, वांगी, दोडक्यासारख्या झुकिनीची भट्टीतली मिश्र भाजी, यिगांदेस हे मोठे पांढरे पावटे आणि बाम्येस म्हणजे आपली भेंडी येते. खोर्ता ही उकडलेली रानभाजी लिंबू पिळून खातात. येमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या मागवताना आत खिमा आहे का, हे विचारावे. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचे पदार्थ. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. पण कोळंबी, माकूळ आणि ऑक्टोपस ग्रीकांच्या उपवासाला चालतात, म्हणून केवळ या शब्दावर विश्वासून ताट पुढे ओढू नये. काटेकोर शाकाहारींनी हेही लक्षात ठेवावे की तेथील अनेक पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात.

मानीचे स्वतःचे असे काही पदार्थ आहेत. सिग्लिनो हे धुरी दिलेले डुकराचे मांस असून त्याचे तुकडे ऑम्लेटमध्ये आणि भाजीतही घालतात, म्हणून ‘भाजी’ असे लिहिलेले दिसले तरी विचारणे आवश्यक आहे. लालांग्या हे पिठाचे दोर ऑलिव्ह तेलात तळून केलेले वेटोळे, दिसायला जाड शेवेच्या गुंत्यासारखे, चहाबरोबर फार चांगले लागतात. स्फेला हे या भागाचे खारट चीज आहे. आणि ऑलिव्ह तेलाविषयी सांगायचे तर कालामाताच्या जांभळट ऑलिव्हचे नाव जगभर झाले असले, तरी येथील तेल मुख्यतः कोरोनेइकी या बारीक फळाच्या जातीचे असते. ते पावावर ओतून खावे; घशात किंचित झोंबणे हा ताजेपणाचा गुण समजतात.

मासे खाणाऱ्यांसाठी एक सूचना खिशाशी संबंधित आहे. ताजा मासा बहुधा किलोच्या भावाने विकतात आणि मेन्यूवर छापलेला आकडा एका ताटाचा नसून एका किलोचा असतो. मासा निवडावा, समोर तोलायला लावावा, रक्कम विचारावी, मगच होकार द्यावा. असे विचारणे तेथे उद्धटपणाचे मानत नाहीत. उलट जाणकार गिऱ्हाईक समजतात. गोठवलेल्या मासळीची नोंद मेन्यूत करावी लागते, तीही पाहावी. बिल छापील मिळाले नाही तर पैसे देण्याचे बंधन ग्राहकावर नाही, असा मजकूर प्रत्येक मेन्यूवर असतो. रात्रीचे जेवण नऊच्या सुमारास सुरू होते. सात वाजता गेल्यास खानावळ रिकामी आणि स्वयंपाकी नुकताच आलेला असतो.

घरून काय न्यावे हा आपल्याकडचा आवडता विषय आहे. कांदा-लसूण चटणी, भाजणी, मेतकूट, गूळ, सुकी चटणी हे घट्ट बांधून खुशाल न्यावे. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे, त्यामुळे तूप आणि खवा घरीच ठेवावा. ताजी फळे-भाज्यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढेच त्यातून वगळले आहेत. मे महिन्यात जाणाऱ्यांनी यजमानांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह म्हणूनच आवरावा. तांदूळ, मसूर, कांदे, टोमॅटो, घट्ट दही हे सर्व गावातल्या दुकानात मिळते.

जुने गाव आणि डोंगरवाटा

समुद्राच्या नादात अनेक जण जुने कार्दामिली पाहायचेच विसरतात. मुख्य रस्त्यापासून थोड्याच चालीवर दगडी बुरूज, तटबंदीची घरे आणि १८ व्या शतकातील संत स्पिरिदोनचे उंच मनोऱ्याचे चर्च यांचा एक समूह उभा आहे. मूर्त्झिनोस-त्रुपाकिस या घराण्याची ही गढी. मानीतील घराणी पिढ्यान्पिढ्या आपसांत वैर धरून असत, आणि शेजाऱ्याच्या छपरावर मारा करता यावा म्हणून बुरूज चढाओढीने उंच बांधले जात. भाऊबंदकीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला हे फारसे परके वाटू नये. ऑटोमन (तुर्की) सत्तेविरुद्धच्या ग्रीकांच्या युद्धाच्या तोंडावर, जानेवारी १८२१ मध्ये, सेनानी थेओदोरोस कोलोकोत्रोनिस याच घराण्याच्या आश्रयाला आला, आणि २३ मार्च १८२१ रोजी मानीच्या तुकड्यांसह बंडखोरांनी कालामाता ताब्यात घेतले. पन्हाळा, विशाळगड पाहिलेल्यांनी येथे तास-दोन तास काढावेत.

गढीच्या मागून वर जाणारी फरसबंद पायवाट आयिया सोफिया या वाडीकडे चढते. चढ दमवणारा आहे, पण वरून गाव, आखात आणि किनाऱ्यासमोरचे मेरोपी हे इवले बेट एकत्र दिसते. सकाळी सातला निघावे, माणशी दीड लिटर पाणी घ्यावे आणि अकराच्या आत खाली यावे. विरोस या घळीतून चालण्याचाही बेत करता येतो. उन्हाळ्यात ती कोरडी असते, मात्र गोल दगडांवरून चालताना घोटा सांभाळणारे बूट लागतात, आणि पावसाची शक्यता असेल त्या दिवशी घळीत उतरू नये. गावाच्या दक्षिणेला कालामित्सी येथे एका ब्रिटिश लेखकाचे घर आहे, ते त्याने अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयाला दिले. ते पाहायचे असल्यास संग्रहालयाकडे आधी नोंदणी करावी.

उन्हाळ्यात वणव्याचा धोका खरा असतो. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे, आणि त्याच यंत्रणेचा इशारा फोनवर मोठ्या आवाजात येतो. तो आला की समुद्रावरचे सामान गोळा करत न बसता सांगितलेल्या दिशेने निघावे.

गावाची रीत

दुपारी तीन ते साडेपाच हा उन्हाळ्यातील विश्रांतीचा काळ तेथे कायद्याने शांततेचा आहे, तसेच रात्री अकरानंतरचाही. त्या वेळी गच्चीवर मोठ्याने गप्पा, फोनवर गाणी किंवा घरच्यांशी स्पीकरवरून व्हिडिओ संभाषण टाळावे. आपण दहा-बारा जणांच्या गटाने गेलो तर ही अडचण हटकून येते. दुकानात शिरताना ‘कालिमेरा’, संध्याकाळी ‘कालिस्पेरा’ आणि निघताना ‘एफ्खारिस्तो’ म्हणावे. एवढ्याने दुकानदाराचा चेहरा बदलतो. पाचही बोटे पसरून तळवा समोरच्याकडे दाखवणे हा तेथे मोठा अपमान आहे, म्हणून ‘पाच द्या’ असे हाताने खुणावू नये आणि रस्त्यावर गाडीला थांब म्हणतानाही पंजा पुढे करू नये. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मेणबत्ती लावायची इच्छा झाली तर पेटीत नाणे टाकून लावावी, धर्म कोणी विचारत नाही.

परतताना

विमानाच्या दिवशी पहाटे गावातून निघून अथेन्स गाठण्याचा हिशोब कागदावर जुळतो, प्रत्यक्षात एक बस चुकली की कोलमडतो. शेवटची रात्र अथेन्समध्ये काढावी. ग्रीसमध्ये वाहतुकीचे संप अधूनमधून होतात, पण बहुधा आधी जाहीर होतात, म्हणून खोलीच्या मालकाला दोन दिवस आधी विचारून ठेवावे. ऑलिव्ह तेल न्यायचे असेल तर काचेच्या बाटलीऐवजी पत्र्याचा सीलबंद डबा घ्यावा, तो प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून कपड्यांच्या मधोमध ठेवावा आणि चेक-इनच्या बॅगेतच टाकावा. हातातल्या सामानात पातळ पदार्थ १०० मिलिलिटरच्या वर नेता येत नाही, आणि वाटेत विमान बदलताना तपासणी पुन्हा होते. पाच लिटरचा डबा बॅगेच्या वजनात साडेचार-पाच किलो खातो, तेव्हा निघताना कोल्हापुरातूनच तेवढी जागा मोकळी ठेवलेली असावी.